निवासी डॉक्टरांना आनंदी करण्याबाबत

शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख डॉ. लक्ष्मीचंद बिसेन यांनी २०१८ सालच्या मे महिन्यात आपल्या दोन निवासी डॉक्टरांना आनंदी करण्याचे काम वरिष्ठांच्या आदेशान्वये हाती घेतले.

वास्तविक सरांनी फक्त एक खाट मागितली होती. पहिल्या वर्षाचा हिमांशू कापगते छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर एका शस्त्रक्रियेत जखमेची कड ओढून धरून उभा होता, आणि उभ्याउभ्याच सरांच्या खांद्यावर डोके टेकून झोपला. धरलेली कड मात्र त्याने सोडली नाही. सर पाच मिनिटे खांदा न हलवता टाके घालत राहिले. त्याच दिवशी त्यांनी कार्यालयाला लिहिले, 'निवासी डॉक्टरांच्या खोलीत दोघांत मिळून एकच खाट आहे व तिला तीनच पाय आहेत. कृपया आणखी एक मिळावी.'

तीन आठवड्यांनी उत्तर आले. खाटेची तरतूद नव्हती, कल्याणाची होती. सबब डॉ. बिसेन यांची 'निवासी डॉक्टर अध्ययन व कल्याण समन्वयक' म्हणून नेमणूक करण्यात येत होती. सोबतचे समाधान पत्रक प्रत्येकाकडून रोज भरून घ्यावे आणि दर मंगळवारी अकरा ते एक या वेळेत ध्यानाची ताणमुक्ती कार्यशाळा घ्यावी. उपस्थिती सक्तीची.

समाधान पत्रकात एकवीस प्रश्न होते. 'मागील चोवीस तासांत आपण किती वेळा मनमोकळे हसलात?' या सातव्या प्रश्नापुढे हिमांशूने प्रामाणिकपणे शून्य लिहिले. तीनपेक्षा कमी हसणाऱ्याने लेखी खुलासा द्यायचा होता आणि एक तास समुपदेशनाला बसायचे होते. तो तास त्याच्या झोपेतून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने चार लिहिले. दुसऱ्या वर्षाची ओमेश्वरी रहांगडाले पहिल्यापासूनच चार लिहीत होती. ती शेतकऱ्याची मुलगी होती, तिला सरकारी कागद ठाऊक होते. मग कार्यालयाने हरकत काढली की दोघेही रोज नेमके चारदाच कसे हसतात.

खरी अडचण मंगळवारची होती. शस्त्रक्रियेचा दिवस तोच. दरेकसा गावच्या बकारामचा हर्निया ओमेश्वरीने स्वतःच्या हाताने करायचा, असे सरांनी तिला कबूल केले होते. दीड वर्षात तिने पन्नासेक हर्निये पाहिले होते, म्हणजे पन्नास वेळा दिवा नीट केला होता आणि धागा कापला होता. पण बकारामची पाळी यायची तेव्हाच कार्यशाळेची वेळ व्हायची. त्याचे ऑपरेशन दोनदा पुढे गेले. तिसऱ्या मंगळवारीही जेव्हा ते राहिले, तेव्हा तो खाटेवर उठून बसला.

"मॅडम, तिसऱ्यांदा उपाशी ठेवून राहिले मले. काऊन होऊन नाही राहिलं माहं आपरेशन?"

"काका, आमचा ताण कमी करून राहिले ते," ओमेश्वरी म्हणाली.

"मंग माहा कायले वाढवून राहिले? धानाचा रोवणा तोंडावर आला. बांधावर उभा तरी राहू द्या."

ओमेश्वरीने हे सरांना जसेच्या तसे सांगितले. त्या दिवशीच्या पत्रकात तिने सातव्या प्रश्नापुढे काहीच लिहिले नाही. सरांनी ते पत्रक घडी करून खिशात ठेवले. मग म्हणाले, "पुढच्या मंगळवारी दहा वाजता. काहीही होवो."

पुढच्या मंगळवारी नागपूरहून तपासणी समिती आली.

समिती येऊन बसली तेव्हा बकारामच्या पाठीत भुलीचे इंजेक्शन देऊन झाले होते. कमरेखालचे अंग बधिर, पण कान शाबूत होते. ओमेश्वरीच्या हातात चाकू होता आणि तो थरथरत होता. सरांचेही हात शिवशिवत होते. त्यांच्या काळी त्यांचे गुरुजी अशा थरथरत्या हातावर चिमट्याने फटका मारत, आणि सरांनीही गेली वीस वर्षे हीच परंपरा निष्ठेने चालवली होती. आज त्यांनी दोन्ही हातांनी जखमेची कड धरली, म्हणजे ते कामात राहतील.

"घाई नाही," ते म्हणाले. "मी इथेच आहे."

तेवढ्यात कार्यालयीन अधीक्षक छोटेलाल दारात आले. "सर, कमिटी बैठी है! हॉल पूरा खाली है! ध्यानाचा टाइम झाला, रेसिडेंट लोगांना भेजो!"

"ते ध्यानातच आहेत," सर मान वर न करता म्हणाले.

पडद्याआडून बकारामने विचारले, "कोण कापून राहिलं जी?"

"मॅडम," सर म्हणाले.

"मंग तुमी का करून राहिले?"

"मी धरून उभा आहे."

"बरं हाय. एवढ्या मोठ्या मानसाले काही तं काम पायजे."

हिमांशू खदखदून हसला. ओमेश्वरी मास्कआड हसली आणि तिचा हात स्थिर झाला. ऑपरेशनला सव्वा तासाऐवजी दोन तास लागले. शेवटचा टाका तिने घातला तेव्हा सरांचे मनगट आखडले होते आणि ते कमालीचे खूश होते.

रिकाम्या सभागृहाबद्दल समितीने खुलासा मागितला, तेव्हा ओमेश्वरी ऑपरेशन करत होती असे सरांनी सांगितले. समितीचे अध्यक्ष डॉ. भुवनेश्वर पारधी उदार मनाचे होते. त्यांनी खुलासा मान्य केला आणि अर्धा तास भाषण केले. "शिकणाऱ्याच्या हाती चाकू द्या! विश्वास टाका! चुकतील, शिकतील!" मग समिती परत निघाली.

ती वाटेतल्या कोहमाऱ्यापर्यंतच पोहोचली. सकाळपासून बारीक दुखणारे अध्यक्षांचे पोट तिथे असह्य झाले आणि गाडी उलटी फिरली. अपेंडिक्स होते, थांबण्यासारखे नव्हते.

"सर, डॉ. ओमेश्वरी करतील," बिसेन सर मनापासून म्हणाले. "मी समोर उभा राहतो."

अध्यक्ष कळवळत उठून बसले. "ती मुलगी? नाही, नाही! तुम्हीच करा!"

"पण सर, आपण भाषणात..."

"भाषण वेगळं, बिसेन. पोट वेगळं!"

ओमेश्वरीने दिवा नीट केला आणि धागा कापला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. अध्यक्षांच्या सोबतीला आलेल्या नातेवाइकासाठी निवासी डॉक्टरांची खाट हलवण्यात आली.

महिनाभराने अहवाल आला. कल्याण (समाधान पत्रकांनुसार): उत्कृष्ट. अध्ययन: असमाधानकारक. खाली शेरा होता, 'विभागप्रमुख सर्व शस्त्रक्रिया स्वतःच करतात. निवासी डॉक्टरांना संधी मिळत नाही, ही बाब अध्यक्षांनी प्रत्यक्ष अनुभवली आहे.'

ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सगळ्यांनी अध्यक्षांना यथेच्छ नावे ठेवली. तुम्हीही ठेवली असतील. मग मी विचारतो, तुमचा हर्निया ओमेश्वरीकडे द्याल? त्यावर प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो, "तिने आतापर्यंत किती केलेत?"

"एक," मी सांगतो. "तुमचा झाला की दोन."