बटन मागून येतेय

लायोनेल पिकर्डने मंगळवारी सकाळी खुंटीवरचा पट्टा उचलला आणि खिशात न टाकता हातात धरला. बस्स, चूक म्हणाल तर एवढीच. पुढे शनिवारी हॉबडेच्या दोनशे मेंढ्यांना जो त्रास झाला, तो या पट्ट्यामुळे होईल, असं त्या घटकेला कुणाच्या बापाला तरी सुचलं असतं का?

पट्ट्याला कुत्रं नव्हतं. बटन तीन आठवड्यांपूर्वी गेली होती. चौदा वर्षांची झाली होती बिचारी. स्वयंपाकघरात, आपल्या टोपलीत, लायोनेलची बायको बेरिल हिचा हात डोक्यावर असताना गेली. त्यानंतर लायोनेल घराबाहेर पडलाच नाही. खिडकीशी बसायचा आणि नदीकडच्या वाटेने जाणारी कुत्री मोजायचा.

"अरे, किती दिवस असा बसणार आहेस?" शेवटी बेरिल म्हणाली. "जा की फिरून ये. तुझी माणसं भेटतील."

तुझी माणसं! सोमवारी तो गेला. हात मोकळे, चाल कशीतरीच. गिरणीजवळच्या फाटकात नेलीची आई भेटली. अकरा वर्षं रोज सकाळी भेटणारी बाई. तिने त्याच्याकडे पाहिलं, नेलीला पट्ट्याने जवळ ओढलं आणि काही न बोलता चालती झाली. कर्नलचे वडील तर पलीकडच्या कडेने गेले. (कर्नल म्हणजे मांजराएवढा कुत्रा. वडील मात्र सहा फूट.)

यात त्यांचा दोष नाही. मार्ल्टन गावाची रीतच अशी आहे. कुत्र्याला हाक मारायची, कुत्र्याची चौकशी करायची, आणि त्या निमित्ताने माणसाशी दोन शब्द बोलायचे. नेलीच्या आईचं नाव लायोनेलला ठाऊक नव्हतं, तिला त्याचं नव्हतं. बटनचं पोट कधी बिघडलं होतं ते मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं. कुत्र्याशिवाय रानात फिरणारा म्हातारा म्हणजे एक तर रस्ता चुकलेला, नाहीतर काहीतरी भलतंच मनात असलेला.

लायोनेल घरी आला तो पार खचून. नोकरी सुटल्यापासून बेरिल सोडून तो कुणाशी बोलत असेल, तर ती ही फाटकापाशी भेटणारी चार माणसं. बटनबरोबर तीही गेली, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि ते त्याला सोसेना.

म्हणून मंगळवारी पट्टा.

"नमस्कार, नमस्कार!" नेलीच्या आईने लांबूनच हात केला. "कुठे होतात इतके दिवस? बटन कुठंय?"

आता इथे खरं बोलणारा माणूस असता तर म्हणाला असता, 'बाई, बटन गेली.' पण सकाळचे साडेसात वाजलेले, ऊन पडलेलं, बाई हसतेय. अशा वेळी तिच्या अंगावर मरण फेकायचं कसं? लायोनेलने जन्मात कुणाला अवघडू दिलं नव्हतं. खाटकाने चुकून दुसऱ्या गिऱ्हाइकाची मूत्रपिंडं बांधून दिली, तर तीही तो घरी आणून खायचा.

"येतेय मागून," तो म्हणाला.

बुधवारी बटन पुढे गेलेली होती. गुरुवारी झुडपात होती. "हल्ली तिला फार वास येतात," असंही वर त्याने सांगितलं. पाच-पाच मिनिटं गप्पा झाल्या. कर्नलचे वडील गुडघ्याबद्दल बोलले. लायोनेल घरी येऊन दोन अंडी जास्त जेवला आणि बेरिलला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

शुक्रवारी नेलीच्या आईने त्याची वाट अडवली.

"मला खरं सांगा. चार दिवस तुम्ही नुसता पट्टा घेऊन फिरताय. बटन हरवलीय ना?"

बाईचे डोळे पाण्याने भरले होते. अशा बाईला 'नाही' कसं म्हणायचं? त्याने मान हलवली. नक्की कशी हलवली ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, पण तिने ती 'हो' म्हणूनच घेतली.

संध्याकाळी बेरिल पाव आणायला गेली ती हातात कागद घेऊनच परत आली. कागद तिने टेबलावर ठेवला. त्यावर बटनचा मोठा फोटो होता, आणि फोटोच्या कडेला आलेला लायोनेलचा एक बूट. खाली लिहिलं होतं: 'हरवली आहे. शनिवारी दहा वाजता सर्वांनी चर्चच्या आवारात जमावे.'

"लायोनेल," बेरिल शांतपणे म्हणाली, "बटन शेकोटीवरच्या फळीवर, राखेच्या डब्यात आहे."

"माहीत आहे मला."

"मग हे काय?"

त्याने सगळं सांगितलं. बेरिलला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग ती त्याच्या शेजारी येऊन बसली. "उद्या सांगून टाक," ती म्हणाली. "लगेच, गेल्या गेल्या."

गेल्या गेल्या सांगायचं म्हणूनच तो गेला. आवारात चाळीस माणसं आणि तीस कुत्री जमली होती. प्रत्येकाच्या हातात 'कुत्र्यासह फिरण्याच्या सात वाटा' हे नगरपालिकेचं पत्रक होतं. (ते लायोनेलनेच नोकरीत असताना लिहिलं होतं. कुठल्या वाटेवर कुंपण चढावं लागतं, कुठे मेंढ्या असतात, कुठल्या दारूच्या गुत्त्यात कुत्र्याला आत घेतात, सगळं पायी मोजून.) कर्नलच्या वडिलांनी सात वाटांना सात तुकड्या वाटून दिल्या होत्या.

"मला जरा बोलायचं होतं," लायोनेल म्हणाला.

"आभार नंतर माना," कर्नलचे वडील म्हणाले, आणि कुणीतरी त्याच्या हातात चहा दिला. तो संपवून पुन्हा तोंड उघडेपर्यंत चौथ्या वाटेची तुकडी निघालीसुद्धा, आणि लायोनेल त्या तुकडीत होता.

चौथी वाट गिरणीवरून टेकडीकडे जाते. बटनची आवडती. माणसं दोन्ही बाजूंना पसरली आणि हाका मारू लागली. "बटन! ए बटन!" लायोनेल गप्प चालत होता. मग नेलीच्या आईने मागे वळून पाहिलं. आपणच हाक मारत नाही हे दिसायला बरं नाही, म्हणून त्यानेही हाक मारली.

"बटन!"

तीन आठवड्यांत तिचं नाव त्याने मोठ्याने घेतलं नव्हतं. एकदा घेतलं आणि मग त्याला थांबताच येईना. "बटन! बटन! ये ग!" तो टेकडीवर उभा राहून ओरडत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ती येणार नाही हे ठाऊक असूनही त्याचे डोळे झुडपांकडेच होते. कर्नलचे वडील जवळ आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गप्पांत हवा आणि गुडघे यांपलीकडे कधी न गेलेला माणूस तो.

तेवढ्यात खालून मेंढ्यांचा मालक हॉबडे वर आला. गडी धापा टाकत होता, चिखलाने माखला होता.

"मेंढ्या व्यायचे दिवस आहेत हे," तो म्हणाला. "मोकळं कुत्रं शेतात दिसलं तर मी गोळी घालतो, सगळ्यांना ठाऊक आहे. पण तुमची कुत्री म्हातारी आहे म्हणे. पहाटेपासून दोनशे मेंढ्या वरच्या कुरणात हलवल्या. बंदूक घरी ठेवलीय. शोधा खुशाल."

हे मात्र लायोनेलला पेलवलं नाही.

"ती गेली," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले. घरीच गेली. हरवलेली नाही."

हाका थांबल्या. एकेक जण जवळ आला.

"म्हणजे दोनशे मेंढ्या..." हॉबडे म्हणाला.

"हो."

"गाभण्या!"

"माफ करा."

"पण सांगितलं का नाहीत हो?" नेलीच्या आईने विचारलं.

"सोमवारी मी तसाच आलो होतो, पट्ट्याशिवाय. तुम्ही ओळख दिली नाहीत. कुत्रं नसलं तर मी इथे कोण?"

बाईने तोंडावर हात धरला. "ते तुम्ही होतात? अगं बाई! मला वाटलं, कुणीतरी आपला म्हातारा."

आणि मग मार्ल्टनची माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. चूक लायोनेलची, पण माफी सगळ्यांनी त्याची मागितली. एकट्या हॉबडेने तेवढी शिवी हासडली, तीही मेंढ्यांकडे तोंड करून.

"उद्या साडेसातला या," कर्नलचे वडील म्हणाले. "असेच या."

रविवारी लायोनेल रिकाम्या हातांनी फाटकाशी गेला. सगळे होते. कुणीच बोलेना, कारण वाकून कुरवाळायला खाली काही नव्हतं. शेवटी नेलीच्या आईने पिशवीतून कुत्र्यांची बिस्किटं काढली आणि रांगेने वाटू लागली. नेलीला एक, कर्नलला एक. पुढचा हात सवयीने लायोनेलसमोर आला आणि तिथेच थिजला. बाईचा चेहरा लालबुंद झाला. ते बिस्किट आता मागेही घेता येईना.

लायोनेलने तिला अवघडू दिलं नाही. त्याने ते घेतलं आणि सगळ्यांसमोर चावून चावून खाल्लं.

"शाब्बास!" कर्नलच्या वडिलांच्या तोंडून निघून गेलं.

"मग, भेटली का तुझी माणसं?" घरी आल्यावर बेरिलने विचारलं.

"भेटली," लायोनेल म्हणाला आणि दातातला कण जिभेने काढू लागला. "उद्या कलेजीची बिस्किटं आणणार आहेत म्हणे."