दोष पायातच आहे

तपासनीस साहेब चालवत असताना गाडीने गचका दिला, तर रस्ता खराब असे. बायको चालवत असताना दिला, तर तिचा पाय जड असे. दुसऱ्याच्या चुका शोधण्याचाच पगार मिळत असल्यामुळे एवढ्या निदानासाठी साहेबांना बॉनेट उघडायची गरज वाटली नाही.

एरवी बायकोने हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतं. पण बारा वर्षं बाटल्यांतलं पाणी तपासल्यावर तिला प्रयोगशाळाप्रमुखाची बढती मिळाली होती. नवी प्रयोगशाळा वीस किलोमीटरवर. तिकडे बस जात नव्हती, होकार शनिवारी पाचच्या आत कळवायचा होता आणि गाडीची किल्ली साहेबांच्या खिशात होती. त्यांचं ऑफिस चालत पंधरा मिनिटांवर असलं, तरी गाडीवाचून त्यांचा रुबाब तिथवर पोचत नसे.

"आधी पाय सुधार, मग किल्ली," साहेब म्हणाले.

सोमवारी तिला चप्पल काढून चालवायला लावलं. गचका. मंगळवारी पातळ तळाचे बूट आणले. गचका. बुधवारी साहेबांनी वजनकाटा खुर्चीपुढे ठेवला आणि त्यावर तिला पाय दाबायला सांगितलं.

"हळू... दोन किलो... थांब, अडीच झाले!"

"अहो, मला गाडी चालवायचीय. भाजी नाही मोजायची."

"बघ, बोलताना साडेतीन झाले!"

शुक्रवारी तिचा भाऊ आला. त्याने एक फेरी मारली आणि मान हलवत उतरला. "भाऊजी, मलाही गचका बसला. गाडीतच काहीतरी आहे."

"तुमचं घराणंच जड पायाचं!"

हे भावाला झोंबलं. शनिवारी दुपारी त्याने दोघांना गाडीत घातलं आणि गाडी थेट मेकॅनिककडे नेली. मेकॅनिकने चक्कर मारली. त्यालाही गचका बसला.

"तुम्ही हिच्या माहेरचे का?" साहेबांनी विचारलं.

मेकॅनिक कामाला लागला. बॉनेट उघडून त्याने एका सेन्सरच्या वायरला काट्याचा जुना मीटर जोडला. "पेडल किती दाबलंय ते हा थ्रॉटलचा सेन्सर इंजिनला सांगतो. कुठे अडखळतो ते बघू. पेडल दाबा कुणीतरी, पण एकदम सावकाश."

अर्थात साहेबच बसले. मीटरचा काटा टोळासारखा उड्या मारू लागला.

"साहेब, सावकाश."

"सावकाशच दाबतोय!"

"उतरा जरा. ताई, तुम्ही बसा."

बायकोने दाबलं. काटा एकसारखा वर चढत गेला, एका जागी धपकन शून्यावर पडला आणि पुन्हा वर आला. तीनदा दाबलं, तीनदा तिथेच पडला.

"असा पाय पाहिजे," मेकॅनिक खूश झाला. "सापडलं. सेन्सरमधली पट्टी एकाच जागी घासलीय. कुणीतरी वर्षानुवर्षं पाय नेमका तिथेच धरून गाडी हाकलीय. चाळीसच्या वर नाही, खाली नाही."

चाळीसच्या पुढे गेलं की संस्कार संपले, हे साहेबांचं घरातलं लाडकं वाक्य होतं. भावाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी इंजिनाकडे पाहिलं.

"म्हणजे दोष पायातच होता ना?" शेवटी ते म्हणाले. "मी पहिल्यापासून तेच सांगतोय!" पाय कुणाचा, एवढा तपशील त्यांनी अहवालातून गाळला.

नवा सेन्सर बसेपर्यंत साडेचार झाले. बायको सीटवरून उतरलीच नव्हती. तिने तिथूनच फोन लावला. "हो, माझा होकार आहे. सोमवारी हजर होते."

साहेब सवयीने तिच्या दाराशी येऊन उभे राहिले. ती हलली नाही, तेव्हा वळसा घालून शेजारच्या सीटवर बसले. भाऊ मागे बसला. गाडी निघाली आणि एकही गचका न देता साठावर गेली. साहेबांनी रिकामा खिसा चाचपला.

"मग सोमवारी मला ऑफिसला कोण सोडणार?"

"चालत जा," बायकोने गिअर बदलला. "तेवढेच पाय मोकळे होतील."