मुंग्यांना वाढलेला गूळ

साडेअकराला पद्मा टीचरनी पातेल्यावरचं केळीचं पान उचललं आणि "अगं आई गं!" म्हणून पुन्हा झाकलं. नारळाच्या दुधातल्या पिवळ्या भातावर मुंग्यांची जत्रा भरली होती. एरवी पोरं फुंकर मारून जेवली असती. पण ती पौर्णिमा होती. हक्मण गावाजवळच्या त्या विहारात चाळीस पोरापोरींनी पांढरे कपडे घालून अष्टशील घेतलं होतं. त्यात मुंगीसुद्धा मारायची नाही आणि बाराची घंटा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत घास घ्यायचा नाही.

तेरा वर्षांच्या मालकांतीचं हे पहिलंच शील. "दुपारी रडत घरी येशील बघ," असं भावानं चिडवल्यामुळे ती इरेला पेटलेली.

"पिसानं एकेक उचलू या," नंदसेन म्हणाला.

"उचल की! पुढच्या पौर्णिमेला जेवू," मालकांती म्हणाली. "टीचर, शेजारी गूळ ठेवू या. गूळ सोडून भात कोण खातंय?"

टीचरना पटलं. एका खड्यानं भागेना, म्हणून दुसरा ठेवला. करता करता अख्खी ढेप गेली, तेव्हा कुठे मुंग्या शिस्तीत रांगेनं उतरू लागल्या. शेवटची काठापर्यंत आली, थबकली आणि परत आत गेली.

"ये ना गं बाई!" नंदसेन कळवळला.

ती आली. त्याच क्षणी बाराची घंटा झाली.

भात लख्ख, पण खायचा कुणी? "जाऊ दे," मालकांती धीर देत म्हणाली. "दुपारी कोरा चहा नि गूळ तरी चालतोच ना शीलात?"

टीचरनी ढेपेकडे बोट दाखवलं. ढेप काळी होऊन वळवळत होती. तेलही गेलं, तूपही गेलं! मुंग्या मात्र दुपारभर जेवल्या. त्यांनी कुठे शील घेतलं होतं?

तीन वाजता थोरल्या भन्तेंचं प्रवचन होतं, मैत्रीभावनेवर, म्हणजे सगळ्या जिवांवर माया करण्यावर. आपल्यापायी चाळीस पोटं उपाशी राहिली म्हणून मालकांती खांबाआड तोंड लपवून बसली होती. भन्तेंनी पुस्तक मिटलं.

"लेकरांनो, खरं सांगा. राग कुणाकुणाला आलाय?"

शीलात खोटंही चालत नाही. सगळे हात वर झाले.

"मुंग्यांवर, की मालकांतीवर?"

"दोघींवर!" नंदसेन ओरडला. मालकांतीला रडूच फुटलं.

मग भन्तेंचा सुरकुतलेला हात हळूहळू वर गेला. तो हात आठवला की पन्नाशीतल्या मालकांतीला आजही हसू येतं आणि डोळेही भरतात.

"माझ्याही चहाचा गूळ होता गं तो," भन्ते म्हणाले.