चार बोटं खाली

ईरण्णाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दवाखान्यातल्या चार नंबरच्या खाटेवर, चपला काढून, पोटावर हात ठेवून उताणा पडला होता. मला वाटलं, कुणी पेन्शनर चक्कर येऊन पडलाय. धावत जाऊन विचारलं, "काका, काय होतंय?"

"मला काय होतंय? पंख्याला होतंय," तो वर बघतच म्हणाला. "एक पातं वाकडं हाय. दर फेरीला टक् करतंय. उभ्या माणसाला ऐकू येत न्हाई ते. उशीवर डोकं ठेवलं की बराबर कानात येतंय."

हा आमचा देखभाल-दुरुस्तीचा नवा कंत्राटदार.

सैन्यात कारकुनी करून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि सोलापुरातल्या या माजी सैनिकांच्या दवाखान्यात ऑफिसात लागलो. गळका नळ, फुटकी फरशी, बंद दिवा, सगळ्या तक्रारी माझ्या वहीत यायच्या. आधीचे कंत्राटदार दारात मोटारसायकलवर बसूनच "झालं म्हणून लिहा" म्हणायचे. ईरण्णाचं उलट. माणूस अक्कलकोटकडचा. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि हातोडी बोटावर बसली की पुन्हा कन्नड. पन्नाशी उलटलेली, कपाळाला विभूती, कानावर पेन्सिल. कुठलीही वस्तू दुरुस्त करण्याआधी तो ती पेशंटसारखी वापरून बघायचा.

औषधाच्या खिडकीसमोरच्या बाकावर तो एकदा सकाळभर बसून राहिला. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "नोडी सायब, पाऊण तासानं बाक टोचाय लागतोय. तुमी पाच मिन्टं बसून पास केला." नोडी म्हणजे बघा. हा शब्द त्याच्या तोंडून दिवसातून शंभरदा यायचा.

दातांच्या खुर्चीचं तर विचारू नका. डॉक्टरीणबाई चहाला गेलेल्या. हा खुर्चीत आडवा झाला, आणि तोंड उघडल्याशिवाय मान कुठं अवघडते ते कळणार कसं, म्हणून तोंडही उघडलं. बाई आल्या, त्यांनी आत बघितलं आणि एक दाढ काढली. ईरण्णा गाल धरून बाहेर आला. कापूस चावत म्हणाला, "खुर्ची चांगली हाय. डोक्याची बाजू जरा वर पायजे."

अशा माणसाच्या हाती स्वच्छतागृहाचं काम आलं. आमच्याकडे येणारे निम्मे लोक म्हातारे, त्यात कुणाचा पाय अधू, कुणाची एक बाजू लुळी. कमोडशेजारी भिंतीला धरून उठायला स्टीलचा दांडा बसवायचा होता. किती उंचीवर, ते वरून आलेल्या नकाशात लिहिलेलं होतं. दोन तासांचं काम. पण ईरण्णानं आपला डावा हात टॉवेलानं अंगाशी बांधून घेतला आणि कमोडवर दुपारभर ऊठबस केली. शेवटी भिंतीवर पेन्सिलीची खूण केली, ती नकाशातल्या उंचीपेक्षा चार बोटं खाली आणि वीतभर पुढं.

"ईरण्णा, तपासणी आहे," मी बजावलं. "नकाशात आहे तसंच बसव."

"नकाशा काढणाऱ्याला दोन हात हायत की, सायब."

त्यानं खुणेवरच दांडा बसवला.

तपासणीला पुण्याहून मेजरसाहेब आले. वागायला सज्जन, पण मोजमापात कुणाचं ऐकायचे नाहीत. त्यांनी टेप लावली, नकाशा बघितला, पुन्हा टेप लावली.

"हे नकाशाप्रमाणे नाही."

"न्हाई, सायब."

"का?"

"तसा बसवला तर नकाशा पास हुतोय, पण माणूस उठत न्हाई."

मी खाली मान घातली. मेजरसाहेब शांतपणे म्हणाले, "आठ दिवसांत काढून बरोबर बसवा. नाहीतर तुमचं नाव कंत्राटदारांच्या यादीतून जाईल."

एरवी ईरण्णानं हसून काहीतरी टोलवलं असतं. तो हसला नाही. "मी काढनार न्हाई," तो म्हणाला. "नाव काढा."

तेवढ्यात माढ्याचे सुभेदार वाघमोडे स्वच्छतागृहाकडं आले, तसे आम्ही बाहेर सरलो. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची डावी बाजू गेलेली. बायको सवयीनं त्यांच्याबरोबर आत जाऊन दोन मिनिटांत बाहेर आली. "जा म्हणाले," ती म्हणाली, आणि दाराला हात लावून उभी राहिली. मेजर, मी, ईरण्णा, कुणीच हललं नाही. बराच वेळ गेला. मग पाणी सोडल्याचा आवाज आला आणि सुभेदार काठी टेकत एकटे बाहेर आले. मेजरना बघून त्यांनी काठी बगलेत धरली आणि कडक सलाम ठोकला.

"आज मला हाक मारली न्हाई," बायको म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

मेजरसाहेबांनी सलाम घेतला. नकाशा माझ्या हातात दिला, स्वतः आत गेले आणि कडी लावली. आत त्यांनी काय केलं ते विचारायची माझी टाप नव्हती. बाहेर आल्यावर त्यांनी नकाशावरचा आकडा लाल शाईनं खोडला, नवा लिहिला आणि खाली सही केली.

काम पूर्ण झाल्याच्या कागदावर ईरण्णाची सही राहिली होती. त्याचा फोन लागेना, म्हणून मी रविवारी त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, माणूस एकटा. तो चहा टाकायला गेला तेवढ्यात मी हातपाय धुवायला न्हाणीघरात शिरलो. तिथं भिंतीला तसाच दांडा होता.

"हा कुणासाठी?" चहा घेताना मी विचारलं.

"थोरला भाऊ फौजेत होता. गाडी उलटून डोक्याला मार लागला, डावं अंग गेलं. सहा वर्सं हितं माझ्यापाशी होता. आमी दोघंच." तो बशीत चहा ओतत राहिला. "मी कामावरनं यीस्तोवर त्येच्या उशाचा तांब्या तसाच भरलेला असायचा. असल्या उन्हाळ्यात. मला वाटायचं, तहान लागत नसंल. पुढं मूत्रपिंडं गेली. डॉक्टरनं इचारलं, पाणी का पीत न्हाई? तर म्हणतो, प्यालो की ईरूला उचलाय बोलवावं लागतंय."

"दांडा कधी बसवलास?" मी विचारलं.

"तो गेल्यावर."

बशी तशीच हातात धरून तो न्हाणीच्या दाराकडं बघत होता.

"तवा सुचलंच न्हाई, सायब. माझे दोन हात होते की. मला वाटलं, तेवढे बास हायत."