चंद्रावर साहेबांचं पाऊल

"पहिलं पाऊल माझंच पडणार," साहेबांनी बैठकीत जाहीर केलं. त्या कचेरीत दारातून, लिफ्टमध्ये, चहाच्या टेबलाशी पहिले जात ते साहेबच. मग स्नेहसंमेलनाच्या नाटकात चंद्रावर दुसरं कोण उतरणार? साहेब आयुष्यात कधी रंगमंचावर चढले नव्हते. पण मुख्य कार्यालयाचे संचालक पहिल्या रांगेत बसणार होते आणि तिथली उपसंचालकाची खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती. गुडघ्याला बाशिंग बांधलेला माणूस कुठेही चढतो.

"चंद्र कापडाचा नको. ठसा उमटला पाहिजे आणि कायम राहिला पाहिजे," साहेबांनी दुरुस्ती विभागातल्या गवंड्याला फर्मावलं.

गवंड्याने लाकडी चौकट केली. पडदा वर जायच्या क्षणी त्यात वीतभर जाड प्लास्टर ओतायचं ठरलं. "साहेब, हे पाच मिनिटांत दगड होतं. पाय ठेवला की लगेच उचला. बोलायचं ते मग बोला."

"तू मला शिकवू नकोस रे. दोनच वाक्यं आहेत."

पडदा वर गेला. यानाच्या शिडीवरून साहेब उतरले. त्यांच्यामागे दुसरा अंतराळवीर म्हणून हेडक्लार्क. साहेबांनी पाऊल ठेवलं कसलं, आपटलंच. घोट्यापर्यंत आत गेलं. टाळ्या पडल्या आणि इथेच घात झाला. टाळ्या ऐकून ज्याची जीभ आवरते तो साहेब कसला! दोन वाक्यांची दहा झाली. मग संचालकांची दूरदृष्टी आली, मग स्वतःची एकवीस वर्षांची सेवा, सनावळीसकट.

शेवटी साहेबांनी पाय उचलायला घेतला. पाय हलेना.

शहाणा माणूस गप्प बसला असता. साहेबांनी भाषण वाढवलं. हेडक्लार्क शिडीच्या तिसऱ्या पायरीवर एका पायावर लटकत होता. साहेबांचं बोलणं मध्येच तोडायची त्या कचेरीत रीत नव्हती. साहेबांनी एकेका विभागाचे आभार मानले. रखवालदाराचेही मानले, ज्याला त्यांनी आजवर ओळखसुद्धा दाखवली नव्हती.

"हे घरीही एवढंच बोलतात?" संचालकांनी शेजारी बसलेल्या बाईसाहेबांना विचारलं.

"घरी मी उठून जाते," बाईसाहेब म्हणाल्या.

अखेर गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन, रोजच्या मळक्या कपड्यांत, सरळ चंद्रावर चालत आला. प्रेक्षागृह हसून लोटपोट झालं.

"बूट पोशाखालाच शिवलेत," तो वाकून म्हणाला. "मागची चेन उघडून तुम्हाला बाहेर काढू का? आत काय घातलंय?"

साहेबांनी मागे हात नेऊन चेन घट्ट धरली.

"मग चंद्रच फोडतो."

अर्धा तास ठोकाठोक चालली. मोकळे झालेले साहेब लंगडत विंगेत गेले तेव्हा संचालक स्वतः रंगमंचावर आले. त्यांनी एक ढलपा उचलून बोटांनी वाजवला. "हे कुणी केलं?"

"माझ्या मार्गदर्शनाखाली..." साहेब विंगेतूनच ओरडले.

"तुम्हाला नाही विचारलं. एवढं पक्कं काम, तेही पाच मिनिटांत! आमच्या इमारतीचा जिना तीन वर्षं रखडलाय. तुम्ही सोमवारी या हो," संचालक गवंड्याला म्हणाले.

गवंडी सोमवारी मुख्य कार्यालयात रुजू झाला. त्याला सोडण्याच्या कागदावर साहेबांनी दात-ओठ खात सही केली. पण आशा वाईट. आठवडाभरात त्यांनी फोन लावला.

"काय रे... म्हणजे, काय हो, बरे आहात ना? तुम्ही तर संचालकांच्या मजल्यावरच काम करता. ती उपसंचालकाची खुर्ची भरली का हो? सहज विचारलं. माझा विषय कानावर घालता आला तर, म्हणजे तुमच्या सवडीने, तशी घाई नाही, पण एकवीस वर्षांची माझी सेवा..."

"साहेब, इथं कामाच्या वेळेत बोलत नाहीत," गवंडी म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.