दयाळाचा जाहीर सत्कार

एका जंगलात, बाळांनो, सगळेच रसिक होते. हसताय काय? होते म्हणजे होते. त्यांचं रसिक मंडळसुद्धा होतं.

त्याच जंगलात दयाळ नावाचा काळा-पांढरा पक्षी राहायचा. मूठभर जीव, पण गायला लागला की विंचूसुद्धा नांगी खाली ठेवायचा.

आणि एक हरिणी होती. तिचं पाडस लांडग्यांनी नेलं. तेव्हापासून ती ना रडली, ना चरली. नुसती उभी राहायची बिचारी. एका सकाळी दयाळाची तान तिच्या कानावर पडली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दादा, आणखी थोडं गा रे," ती म्हणाली. "मोकळेपणानं रडू आलं तर जगेन मी."

"गातो की ताई. बस इथं."

तेवढ्यात मंडळाचे चिटणीस कोल्हेराव धापा टाकत आले.

"थांबा! उद्या तुमचा सत्कार ठरलाय. सत्कारमूर्तींनी असं फांदीवर बसून गायचं नसतं, बरं दिसत नाही. उद्या मंडपातच गा."

दयाळ पडला भिडस्त. गप्प बसला. इथंच चुकलं बघा त्याचं!

दुसऱ्या दिवशी हरिणी सगळ्यांच्या आधी येऊन मागं उभी राहिली. दीपप्रज्वलन झालं. बेडकांनी स्वागतगीत म्हटलं. मग शाल आली. आता, शाल घेणाऱ्याच्या मापाची नाही, देणाऱ्याच्या मापाची आणायची, असा तिथला रिवाज. आणि अध्यक्ष होते हत्ती. त्यांनी दयाळाला शाल पांघरली आणि दयाळ दिसेनासा झाला. त्यावर गव्यानं आपली घातली, अस्वलानं आपली घातली. सगळ्यांत वर नारळ ठेवला.

मग भाषणं.

"कलेनं आपलं जीवन समृद्ध होतं," हत्ती म्हणाले. टाळ्या!

"कला नसती तर आपल्यात आणि माणसात फरक काय राहिला असता?" गवा म्हणाला. पुन्हा टाळ्या!

"अहो, पण तो गाणार कधी?" हरिणीनं विचारलं.

"शेवटी पाच मिनिटं ठेवलीत हो, ताई," कोल्हेराव म्हणाले. "दम धरा जरा."

ऊन कलल्यावर शाली उचलल्या. दयाळ आत गुदमरून मेला होता.

कोल्हेराव डगमगले नाहीत. मंडप उभा होता, वक्ते तयार होते, हारही उरले होते. त्यांनी तिथंच शोकसभा जाहीर केली. हत्तींनी मघाचंच भाषण पुन्हा केलं, फक्त या वेळी डोळे पुसत पुसत.

हरिणीला काही सुचेना. तिच्या कानात अजून ती तान होती. तिनं ती गुणगुणायचा प्रयत्न केला. आवाज फाटला, सूर चुकला, पण तिला रडू फुटलं. धाय मोकलून रडली ती. शेजारची सांबरीण रडली. माकडिणीनं आपलं पोर छातीशी घट्ट धरलं. मागची सगळी रांग हुंदके देऊ लागली.

कोल्हेरावांनी माइक ठोकला.

"कोण गातंय ते मागं? काही लाजलज्जा? इथं कलेवर बोलणं चाललंय!"

दोन रानडुकरांनी हरिणीला मंडपाबाहेर काढलं. बाहेर आल्यावर तिनं नाक पुसलं आणि कितीतरी दिवसांनी गवताला तोंड लावलं.

तात्पर्य : कला जीवन समृद्ध करते. म्हणून कलेच्या कार्यक्रमात कुणी गाऊ-बिऊ लागलं, तर त्याला ताबडतोब बाहेर काढावं.