निरंजनरावांचं चाकावरचं घर

मे महिन्यात बुऱ्हाणपुरातली शहाणी माणसं दुपारी दार लावून कुलरसमोर आडवी होतात. निरंजनराव शहाणे नव्हते अशातला भाग नाही, पण त्यांना एक साडू होता.

साडूचं नाव धर्मेंद्र. गावातच मोबाइलचं दुकान. दर मे महिन्यात तो बायकोला, वैजयंतीला, आणि मुलाला, रितेशला, घेऊन मनालीला जाई आणि सासरच्या ग्रुपवर फोटो टाकी. फोटोत कानटोप्या, स्वेटर, वाफाळता चहा आणि मागे पांढरंशुभ्र धुकं. डोंगर म्हणून कधी दिसला नाही. पण एवढं धुकं असल्यावर बिचाऱ्या डोंगराने तरी काय करावं? फोपनारचे सासरे सुकलालजी, केळीचे मोठे बागाईतदार, दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भरल्या पंगतीत म्हणत, "जावई पाह्यजे तर धर्मेंद्रसारखा! बायकोले दुनिया दाखवते." आणि मग निरंजनरावांच्या वाटीत आमरस वाढत. तो आमरस त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

म्हणून यंदा निरंजनरावांनी शाळेची एक जुनी व्हॅन घेतली आणि तिचं चाकावरचं घर केलं. आत दोन बिछाने, गॅसची शेगडी, तोंड धुवायला बेसिन आणि स्वतःच्या कापडाच्या दुकानातल्या उपरण्यांचे पडदे. गॅरेजवाला एसी लावा म्हणत होता. निरंजनराव त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहत म्हणाले, "एसी डिझेल पिते रे बावा. आमची हयात कुलरसमोर गेली." आणि त्यांनी हॉलमधला पत्र्याचा कुलर उचलून व्हॅनमध्ये दोन बिछान्यांच्या मधोमध बसवला आणि इन्व्हर्टरला जोडला.

निघताना अख्खी गल्ली जमली. नारळ फुटला. बायकोने, पूर्णिमाने, गाडीला ओवाळलं. निरंजनरावांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, "सहकुटुंब निघालो पचमढीला." त्यावर सासऱ्यांचा अंगठा आला. सासऱ्यांनी त्यांना दाखवलेला हा पहिलाच सुलटा अंगठा होता. आता काहीही झालं तरी मागे फिरणं नव्हतं.

गाव मागे पडलं तसं पूर्णिमा म्हणाली, "अहो, खिडक्या उघडा ना. कुलरले बाहेरची हवा लागते."

"एवढी थंड हवा बाहेर सोडू? जगाले गार करायचा ठेका घेतला का आपण?"

खिडक्या बंदच राहिल्या. कुलर आतलीच हवा पुन्हा पुन्हा भिजवत राहिला. थोड्याच वेळात काचांवरून पाण्याचे ओघळ लागले, पापडाच्या डब्यातले पापड माना टाकून बसले आणि निरंजनरावांच्या मातोश्री, मालूबाई, बिछान्यावर बसल्या बसल्या उकडू लागल्या.

"निरंजन, मले पचमढीले नेऊ राह्यला का वाफवू राह्यला?"

"पापा, सच में सॉना बाथ झाला आहे हा," मुलगी भूमिका म्हणाली. ती कॉलेजात होती, त्यामुळे तिच्या बोलण्याकडे लक्ष न देण्याची घरात पद्धत होती.

असीरगढचा चढ लागला आणि गाडीने नाक वर केलं. गाडीबरोबर कुलरनेही केलं. त्याच्या टाकीतलं सगळं पाणी मागे वळलं आणि काठावरून उसळून थेट मालूबाईंच्या गादीवर गेलं. गादी कापसाची, त्यातून नवी. तिने एक थेंब खाली पडू दिला नाही. मालूबाईंनी मात्र किंकाळी फोडली. कोरडा पडलेला कुलर गरम हवा फेकू लागला. ते थोडंच होतं म्हणून की काय, पुढून शिट्टीसारखा आवाज आला आणि बोनेटखालून वाफ निघाली. रेडिएटर उकळला होता.

बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन. निरंजनराव उतरले आणि चटका बसल्यासारखे परत आत आले. "पाणी द्या पाणी! रेडिएटरमधी टाकायले."

"प्यायचं आईले पाजून संपलं," पूर्णिमा म्हणाली. "बाकीचं गादीत हाये."

गाडी थोडी निवाली, तशी असीरगढच्या पायथ्याशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तिघांनी मिळून ती गादी पिळली. मालूबाई डोक्यावर उपरणं घेऊन देखरेख करत होत्या. गादीतून निघालेलं पाणी, कापसासकट, रेडिएटरने मुकाट्याने घेतलं.

चढ चढायची गाडीची हिंमत नव्हती, उतरायची होती. "चला घरी," पूर्णिमा म्हणाली.

"घरी?" निरंजनरावांचा आवाज खरोखर कापला. "नारळाचं पाणी वाळलं नसेल अजून दारातलं. तुझे बाबा काय म्हणतील? धर्मेंद्र काय म्हणेल?" मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "कडू!"

कडू हा त्यांचा शाळासोबती. फोपनारच्या रस्त्यावर त्याचं केळी पिकवायचं थंड गोदाम होतं. बाहेर लाही होत असली तरी आत हिवाळा. पडदे ओढून, चोरासारखं बुऱ्हाणपूर ओलांडून, निरंजनराव तिथे पोचले.

कडू त्यांना पाहून दचकला. "आज नको भाऊ. आज गर्दी हाये आत."

"कशाची गर्दी?"

"मालाची."

"केळ्यांची काय लाज? पिकवायचा गॅस सोडेल हाये का?"

"नाही, तो कधीचाच निघाला. नुसता थंडावा हाये. पण ऐक तर..."

निरंजनरावांनी ऐकलं नाही. जाडजूड दार ओढून ते आत शिरले. आत पांढऱ्याशुभ्र भिंती होत्या, धुक्यासारखा गार फवारा होता, आणि केळ्यांच्या कॅरेटवर स्वेटर घालून धर्मेंद्र बसला होता. शेजारी वैजयंती थर्मासातून चहा ओतत होती. कानटोपी घातलेला रितेश मोबाइल धरून म्हणत होता, "पप्पा, थोडं थरथर कापून दाखवा ना. थंडी लगनी चाहिए."

निरंजनरावांच्या मनात आनंदाची उकळी फुटली. सगळ्या आखाज्यांचा आमरस एकदम गोड लागला. त्यांनी फोटो काढायला मोबाइल उचललासुद्धा.

"काढा, काढा," धर्मेंद्र शांतपणे म्हणाला. "मग मीही विचारतो ग्रुपवर, पचमढीले गेलेला माणूस इथं कसा?"

मोबाइल खाली आला. तेवढ्यात मालूबाई पुढे झाल्या, एका कॅरेटवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "वैजयंती, मनालीचा चहा मलेही दे घोटभर."

तह झाला. दिवसा गोदामात, रात्री कडूच्या मळ्यात, चार दिवस दोन्ही कुटुंबांनी एकत्र काढायचे आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. रितेशने दोन्ही घरांचे फोटो काढून दिले. धर्मेंद्रने टाकला, "मनाली. हाडं गोठली." निरंजनरावांनी टाकला, "पचमढी. स्वेटरशिवाय निभाव नाही." खाली दोघांनी एकमेकांना "वा!" म्हटलं. इतका गोडवा त्या दोन साडूंमध्ये लग्नापासून कधी नव्हता.

थोड्या वेळाने ग्रुपवर सासऱ्यांचा बोललेला निरोप आला. सगळे अंगठ्याच्या आशेने भोवती जमले. भूमिकाने तो लावला.

"दोन्ही जावयांचं अभिनंदन," सुकलालजींचा आवाज गोदामात घुमला. "मनालीतही माझ्या नावाचं कॅरेट, पचमढीतही माझ्या नावाचं कॅरेट. एवढ्या लांब आपला माल जातो, मले माहीत नव्हतं."

दोघांनी एकदम खाली पाहिलं. बुडाखालच्या कॅरेटवर लाल रंगात ठळक लिहिलेलं होतं, सुकलाल, फोपनार.

निरोप अजून संपला नव्हता.

"आता उठा त्याच्यावरून. केळी दबतीन."